जबलपूरचा विद्यापीठ फुटबॉल संघ : यादी लागण्यापूर्वीचा हिशेब

बडा फुहारा, जबलपूर

फुटबॉल संघाचा हंगामापूर्वी आढावा घ्यावयाचा, तर प्रथम खेळाडूंची यादी हाती असावी लागते. गोलरक्षक कोण, बचावफळीत गतवर्षीचे किती जण उरले, आघाडीला कोणावर भिस्त ठेवायची, कोणाचे शेवटचे वर्ष आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या यादीतूनच मिळतात. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठाच्या संघाविषयी असा आढावा घेऊ पाहणाऱ्याची पहिल्याच पायरीवर अडचण होते. यादी कोणी दडवून ठेवलेली नसते. हंगामापूर्वी ती अस्तित्वातच नसते.

यात जबलपूरचे काही वेगळे नाही. देशातील बहुसंख्य विद्यापीठांचे संघ याच रीतीने तयार होतात. तथापि जबलपूरचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण खेळाची परंपरा, लष्करी छावणी, रेल्वे, संरक्षण साहित्याचे कारखाने आणि जुनी महाविद्यालये हे सारे एकाच शहरात असलेली ठिकाणे देशात फार नाहीत. १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे हॉकीपटू रूपसिंह यांचा जन्म याच शहरातला. आज मात्र आयएसएल किंवा आय-लीगमध्ये जबलपूरचा एकही क्लब नाही.

बडा फुहारा ही शहराची जुनी बाजारपेठ. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणारी कमानिया गेट येथून जवळच आहे. या गर्दीत आयपीएलमधील कोणता खेळाडू कोणत्या संघाकडे गेला, हे शाळकरी मुलेही बिनचूक सांगतील. शहराच्या स्वतःच्या विद्यापीठाकडून गतवर्षी कोणते अकरा जण फुटबॉल खेळले, हे सांगणारा माणूस मात्र शोधावाच लागेल. लोकांना खेळात रस नाही असा याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. नाव आधी कळले, पुढच्या आठवड्यात तेच नाव पुन्हा ऐकू आले, पुढच्या वर्षी त्याची वाट पाहिली, असे झाले तरच खेळाडू लोकांचा होतो. विद्यापीठ फुटबॉलच्या रचनेत यापैकी काहीच घडत नाही.

नव्वद मिनिटांचा हंगाम

विद्यापीठाचा संघ कसा बनतो ते आधी पाहू. महाविद्यालये आपापले संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरवितात. त्यातून आणि निवड चाचणीतून विसेक खेळाडू निवडले जातात. त्यांचे काही दिवसांचे सराव शिबिर होते आणि संघ विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रवाना होतो. या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजेच एआययू, भरविते. १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाचे १९७३ मध्ये झालेले हे नामांतर. मध्य प्रदेशातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. त्यामुळे जबलपूरच्या मुलांची गाठ मुंबई, पुणे, नागपूर, गोवा यांसारख्या विद्यापीठांशी, तसेच गुजरात व राजस्थानातील संघांशी पडते. विभागात पहिल्या चारांत येणारे संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. तेथील मानाचा चषक सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा आहे.

विभागीय स्पर्धेत बहुसंख्य सामने बाद पद्धतीने होतात. साखळी पद्धत शेवटच्या चार संघांपुरती राखून ठेवलेली असते. संघांची संख्या मोठी आणि दिवस थोडे, त्यामुळे आयोजकांपुढे दुसरा सोपा मार्गही नसतो. परंतु खेळाडूच्या बाजूने पाहिले तर चित्र विदारक आहे. पहिल्या सामन्यात एक गोल स्वीकारला, तो फेडता आला नाही, की परतीची गाडी. संबंध वर्षाचा हंगाम नव्वद मिनिटांत आटोपला. दीड दिवसाचा रेल्वे प्रवास, अनोळखी मैदान, आठवड्यापूर्वी प्रथमच एकत्र आलेले सहकारी आणि एक सामना, एवढ्यावर त्या मुलाच्या योग्यतेचा निवाडा होतो.

बचावफळीचे उदाहरण घेऊ. मधल्या दोन बचावपटूंनी आणि गोलरक्षकाने एकमेकांना ओळखणे ही फुटबॉलमधील सर्वांत वेळखाऊ गोष्ट. कोण पुढे सरसावतो, कोण मागे राहतो, उंच चेंडू आला की हाक कोणी द्यायची, हे फळ्यावर शिकविता येत नाही. वीस-पंचवीस सामने एकत्र खेळूनच ते अंगवळणी पडते. वेगवान आघाडीपटू एकट्याच्या बळावर एखादा गोल करू शकतो, बचाव मात्र एकट्याने होत नाही. म्हणूनच घाईने जमविलेल्या संघांचे दुबळेपण प्रथम मागच्या फळीत उघडे पडते. अशा संघाची यादी वाचणाऱ्याने आघाडीच्या नावांपेक्षा मागच्या चौघांपैकी किती जण एकाच महाविद्यालयाचे आहेत हे पाहावे. तेच त्यातल्या त्यात उपयोगी गमक.

वेळापत्रकाची अडचण वेगळीच. शैक्षणिक वर्ष जुलैत सुरू होते, पावसाळ्यात मैदाने खेळण्यायोग्य नसतात आणि ती सुकेपर्यंत नवरात्र, दसरा, दिवाळी येऊन ठेपते. जबलपूरचा दसरा प्रसिद्ध आहे. बडा फुहारा परिसरातील दुकानांची वर्षाची कमाई मुख्यतः याच दिवसांतली. दुकानात हातभार लावणाऱ्या विद्यार्थ्याला नेमक्या त्याच वेळी पहाटेच्या सरावाला बोलाविणे आणि घरच्यांनी त्याला आनंदाने पाठविणे, हे दोन्ही गृहीत धरता येत नाही. पुढे परीक्षा असतातच.

विद्यापीठे वाढली, संघ आटला

खेळाडूंची निवड मैदानावर होते अशी आपली समजूत आहे. तिच्याही आधी एक निवड विधिमंडळात होऊन गेलेली असते. कोणते महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाला संलग्न, यावर कोण कोणाकडून खेळू शकतो हे ठरते.

स्वातंत्र्यापूर्वी जबलपूरचे रॉबर्टसन महाविद्यालय १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्याने ते स्वाभाविकही होते. म्हणजे जबलपूर आणि नागपूरचे विद्यार्थी त्या काळी एकाच विद्यापीठाचे होते. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ आले, १९५६ मध्ये जबलपूरचे स्वतःचे विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८३ मध्ये त्याला राणी दुर्गावतींचे नाव मिळाले. त्यानंतरची कहाणी विभागणीची आहे. १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ वेगळे झाले. १९९८ मध्ये भोपाळला राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठ स्थापन झाले आणि १९४७ पासूनचे जबलपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच्याकडे गेले. पशुवैद्यकाचे विद्यापीठ २००९ मध्ये, वैद्यकीय विद्यापीठ २०११ मध्ये. २०१९ मध्ये छिंदवाड्यास नवे विद्यापीठ निघाले. आज ते राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. बालाघाट, शिवनी यांसारखे जिल्हे त्याच्याकडे गेले.

या प्रत्येक निर्णयामागे शैक्षणिक वा प्रशासकीय कारण होते आणि त्यांच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. खेळाच्या दृष्टीने परिणाम मात्र स्पष्ट आहे. एकाच शहरातला अभियांत्रिकीचा गोलरक्षक, कृषीचा मध्यरक्षक आणि विज्ञान शाखेचा आघाडीपटू आज तीन वेगवेगळ्या विद्यापीठांचे खेळाडू आहेत. एका सशक्त संघाऐवजी तीन-चार अशक्त संघ निघतात आणि तेच पहिल्या फेरीत बाद होतात. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बालाघाट-छिंदवाड्यातील मराठीभाषक मुले पूर्वी जबलपूरच्या निवड चाचणीला येऊ शकत; आता त्यांची वाट निराळी आहे. नव्या विद्यापीठामुळे तेथील वीस मुलांना अधिक संधी मिळाली, हेही मान्य केले पाहिजे. संधी वाढली आणि दर्जा विखुरला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

उरते ते शासकीय विज्ञान महाविद्यालय, महाकोशल महाविद्यालय, हितकारिणी, गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय, सेंट अलॉयशियस ही शहरातील जुनी नावे आणि मंडला, कटनी, नरसिंहपूर यांसारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालये. संघाची खरी शक्ती कोठून येऊ शकते, असे विचारले तर उत्तर या दुसऱ्या गटाकडे बोट दाखवील. पण चाचणी शहरात असते आणि तिला येण्याचा खर्च बहुधा मुलाच्या खिशातून होतो.

नोकरी लागली की नाव कमी

जबलपूरच्या क्रीडाजीवनाचा कणा महाविद्यालये कधीच नव्हती. तो विभागीय संघांचा होता. तोफगाडी कारखाना १९०४ पासूनचा. खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ मधला वाहन निर्माणी कारखाना, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्सची प्रशिक्षण केंद्रे, सिग्नल्सचे केंद्र, आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. चांगल्या खेळाडूला पगार, घर आणि मैदान येथे मिळे. महाविद्यालय ही तेथवर पोहोचण्याची पायरी होती.

एआययूच्या नियमांप्रमाणे पूर्ण वेळ नोकरी करणारा विद्यार्थी विद्यापीठाकडून खेळू शकत नाही आणि वयाची मर्यादा साधारणतः १७ ते २५ वर्षांची आहे. नियम रास्त आहे. अन्यथा विद्यापीठ स्पर्धेत नोकरदारांचेच संघ उतरले असते. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, जो मुलगा उत्तम खेळतो त्याला नोकरी लागते आणि नोकरी लागताच त्याचे नाव यादीतून वगळले जाते. संघाचे यश हेच संघाच्या गळतीचे कारण ठरते. प्रशिक्षकाने तिसऱ्या वर्षाच्या कर्णधाराभोवती डाव रचावा आणि ऐन चाचणीच्या आठवड्यात तो रेल्वेच्या भरतीला निघून जावा, याला कोणाचीच चूक म्हणता येत नाही. घरात पगार येणे ही पहिली गरज आहे.

गेल्या काही वर्षांत या वाटेतही बदल झाले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. जबलपूरचे चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. कंपनी झाली की ताळेबंद आला आणि ताळेबंदात फुटबॉल संघाचा खर्च कोणत्या रकान्यात बसवायचा हा प्रश्नही आला. २०२२ मध्ये लष्कराची अग्निपथ योजना सुरू झाली. तिची तेव्हा जाहीर झालेली वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती, म्हणजे नेमकी पदवीची वर्षे. पूर्वी पदवी घेऊन सैन्यात जाण्याचा विचार करणाऱ्या मुलाला आता पहिल्या-दुसऱ्या वर्षातच निर्णय घ्यावा लागतो. यादीतील सर्वांत तंदुरुस्त, सर्वांत दमदार मुले या वयोगटात जाणार हे उघड आहे.

विभागीय संघांची ताकद आजही कमी लेखता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात सेनादलाने गोव्याला १-० असे हरविले. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या राज्याला नमविणारा हा संघ वर्षभर एकत्र राहणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या, एकत्र सराव करणाऱ्या जवानांचा होता.

उलट दिशेने जाणारी एक गोष्टही घडते आहे. मध्य प्रदेशाने नवे शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लागू केले आणि चार वर्षांच्या पदवीचा पर्याय आला. जो विद्यार्थी चौथे वर्ष निवडील, त्याला त्याच अभ्यासक्रमात खेळण्यासाठी एक अधिक वर्ष मिळेल. संघासाठी याचे मोल मोठे आहे, कारण महाविद्यालयीन संघात तीन वर्षे एकत्र खेळलेले आणि चार वर्षे एकत्र खेळलेले यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. किती खेळाडू त्यासाठी थांबतील, हे मात्र नोकरभरतीच्या जाहिरातींवर अवलंबून राहील.

कोल्हापूर आणि कालिकत

हंगामापूर्वीची यादी ही किती जिवंत गोष्ट असू शकते, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडू नोंदणी सुरू झाली की पेठापेठांत तोच विषय असतो. पाटाकडील तालीम मंडळातून कोण दिलबहारकडे गेला, खंडोबा तालमीने कोणाला आणले, शिवाजी तरुण मंडळाचा गोलरक्षक तोच राहणार का, प्रॅक्टिस क्लब आणि बालगोपालची आघाडी कशी, यावर चहाच्या गाड्यांवर वाद रंगतात. शाहू स्टेडियमवर पहिला चेंडू सरकण्यापूर्वीच यादी लोकांच्या तोंडपाठ झालेली असते. महिनोन्महिने सामने चालतात, साखळी स्पर्धा होते, तिच्या जोडीला चषकांच्या बाद स्पर्धाही होतात. तेथील ईर्ष्या कधीकधी मैदानाबाहेर जाते आणि बाहेरच्या खेळाडूंवर पैसा उधळला जातो, अशी टीका होते. ती निराधार नाही. पण खेळाडूला नाव आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

विद्यापीठांपुरते बोलायचे तर केरळातील कालिकत विद्यापीठाकडे पाहावे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने आशुतोष मुखर्जी चषक अनेकदा जिंकला आहे. त्याचे रहस्य एखाद्या शिबिरात नाही. मलबारमध्ये मैदान ते गाव आणि गाव ते महाविद्यालय अशी सलग साखळी आहे. विद्यापीठाच्या चाचणीला येणारा मुलगा आधीच शेकडो चुरशीचे सामने खेळलेला असतो. शिबिरात त्याला फक्त सांधायचे असते, घडवायचे नसते.

अमेरिकेत याचे टोक गाठले गेले आहे. तेथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा निराळाच खेळ, पण महाविद्यालयीन संघांच्या याद्यांवर उन्हाळाभर चर्चा झडते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तेथील विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली आणि फुटबॉल संघाची यादी १०५ जणांवर आणली गेली. विद्यापीठ बदलणेही सोपे झाले आहे. २०२३ मध्ये बारांपैकी नऊ सामने हरलेल्या इंडियाना विद्यापीठाने नवा प्रशिक्षक आणला. त्याने आपल्या जुन्या विद्यापीठातून डझनभर खेळाडू सोबत आणले आणि २०२४ मध्ये संघाने अकरा विजय मिळविले. हे अनुकरणीय आहे असे मुळीच नव्हे. तेथे विद्यार्थी कोठे संपतो आणि व्यावसायिक कोठे सुरू होतो हेच आता सांगता येत नाही. परंतु खेळाडू कोण हे हंगामाच्या कितीतरी आधी ठरते आणि सर्वांना ठाऊक असते, एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे. तिला डॉलर लागत नाहीत.

काय करता येईल

२०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या आणि विद्यापीठ खेळांना काही प्रमाणात प्रकाश मिळाला. तेथे पोहोचतात ते मोजके आघाडीचे संघ. जबलपूरसारख्यांसाठी प्रश्न त्याच्या फार अलीकडचा आहे. वरून मदतीची अपेक्षा धरावी, तर २०२५ मध्ये देशातील सर्वोच्च लीगच करारांच्या गुंत्यात अडकून वेळेवर सुरू होऊ शकली नाही.

शहरातील चार-पाच विद्यापीठांनी मिळून दसऱ्यानंतर एक छोटी साखळी स्पर्धा घेतली, तर एआययूच्या एकाही नियमाला धक्का न लावता प्रत्येक संघाला विभागीय स्पर्धेपूर्वी सात-आठ खरे सामने मिळू शकतील. रेल्वे आणि लष्करी केंद्रांच्या संघांना सरावासाठी बोलाविता येईल. मैदाने त्यांच्याकडे आहेत आणि अंतर सायकलचे आहे. चाचणीपूर्वी तीस-पस्तीस जणांची संभाव्य यादी ऑगस्टमध्येच जाहीर करणे तर केवळ एका कागदाचे काम. त्या यादीत नाव लागलेला मंडल्याचा मुलगा प्राचार्यांकडे प्रवासखर्च मागू शकेल, घरी वडिलांना दाखवू शकेल आणि भरतीची तयारी करीत असला तरी सराव सोडणार नाही. आज त्याच्याकडे दाखविण्याजोगे काहीच नसते.

तोवर यंदाच्या संघाचा अंदाज बांधू इच्छिणाऱ्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याकडे लक्ष ठेवावे. गतवर्षीच्या संघातील किती जण चौथ्या वर्षाला थांबले, गोलरक्षक जुना की नवा, मागच्या चौघांत दोघे तरी एकाच महाविद्यालयाचे आहेत काय आणि शहराबाहेरच्या महाविद्यालयांतून किती नावे आली, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या तरी संघाची कुवत बऱ्याच अंशी कळेल. पश्चिम विभागाच्या सोडतीत पहिला सामना मुंबईशी पडतो, गोव्याशी की एखाद्या नवख्या विद्यापीठाशी, हे त्यानंतरच समजेल.